उतार

गाडी लावा, पण हँडब्रेक ओढा.
जागा सपाट दिसते, आहे उतरती.
गेल्या हिवाळ्यात बँकेच्या मॅनेजरची करडी बुईक
कुणी न ढकलता निघाली
आणि जाऊन थांबली बरोबर तिथं
जिथं पडदा होता.

कालूदिस म्हणून एक ग्रीक.
आधी लोकांचे बूट पुसले, मग चॉकलेटं विकली,
मग हे बांधलं.
मुलीचं नाव द्यायचं होतं, एव्हांथिया.
दिवे लावणारा म्हणाला, इंग्रजीत आठ अक्षरं,
पैसे अक्षराला.
कालूदिसनं खिसा चाचपला
आणि तीनच घेतली.
ईव्हा.
पुढच्या रविवारी पाद्री गरजला
की ओहायोच्या काठी पहिल्या पापिणीचं देऊळ उठलंय.
सोमवारी तिकिटं कमी पडली.

हे सगळं आत्याकडून, ओडेसा पेटिफर्ड.
ती तिथं झाडायची.
शेंगांची टरफलं, केसांच्या पिना,
एकदा कवळी, एकदा लग्नाची अंगठी.
कवळी न्यायला माणूस धावत आला.
अंगठीला कुणीच नाही.

सदतीस साली नदी आत आली, तिकीट न काढता,
अकरा दिवस बसली.
उठून गेली तेव्हा पडद्यावर आडवी
एक तपकिरी रेघ.
नवा पडदा परवडत नव्हता.
मग दीड वर्ष प्रत्येक नायकाच्या
गळ्याशी पाणी.
तो मुका घ्यायचा, पिस्तूल काढायचा,
घोड्यावर चढला तर पाणी मांडीपर्यंत,
पण सुटका नाही.
पोलाद कारखान्यातून थेट आलेली माणसं
त्याला हसत नसत.

आत्या हे वरून बघायची.
तिकीट तेवढ्याच पैशांचं, दार वेगळं,
गल्लीतलं, कचऱ्याच्या डब्यांशेजारचं.
तिथून एकतीस लोखंडी पायऱ्या.
खालच्या खुर्च्या सकाळी तिनंच पुसलेल्या.
पाटी नव्हती कुठं.
पाटी लावावी लागते ती नवख्यांसाठी.

पुढं एका साली हरकत उरली नाही.
आत्या निळा कोट घालून गेली,
पाचव्या रांगेत बसली, मधोमध.
इंटरव्हलला उठली.
म्हणाली, इथून मान दुखते,
आणि एकतीस पायऱ्या चढून
आपल्या जागी जाऊन बसली.
का ते मी विचारलं होतं, दोनदा.
दुसऱ्या वेळी ती चिडली.

मग भट्ट्या विझल्या.
हायवेवर मॉल आला, सहा पडदे, पॉपकॉर्नला बादली.
ईव्हात आधी लाथाबुक्क्यांचे सिनेमे,
मग चारचौघांत नाव न घ्यायचे,
मग छपरातून बर्फ.
शेवटचा ऑपरेटर वेन्झेल ह्रुश्का.
शेवटच्या रात्रीही तो
दिवा गार होईपर्यंत स्टुलावर थांबला,
कारण गरम दिवा हलवला तर फुटतो.

पाडायला दोन दिवस.
वर डांबर ओतलं, खाली भराव नाही घातला.
भरावाचे पैसे वेगळे पडतात.
म्हणून म्हटलं, हँडब्रेक.

परवा मंगळवारी इतिहास मंडळाच्या
मिसेस लिंडक्विस्ट आल्या.
टेप, नकाशा, आणि पितळी पाट्या
कुठं ठोकायच्या ते ठरवायला खडू.
मी दाखवत गेले.
तिकीटखिडकी ह्या पिकअपखाली.
चॉकलेटांचं कपाट इथं.
कालूदिसचं ऑफिस, पडदा,
नदी बसली होती ती रांग.
त्या वाकून फुल्या मारत होत्या, गुडघे पांढरे.
आणि बाल्कनी? म्हणाल्या.

मी वर बोट केलं.

त्यांनी मान वर केली.
वीसेक फुटांवर हवा,
तिच्यातून एक कबूतर आरपार गेलं.
बराच वेळ बघत राहिल्या,
हातातला खडू तसाच.
मान दुखायला लागली असावी.

तासाला दोन डॉलर.
नाही, आत्ता नको, जाताना द्या.
ओढला ना?